पट्टा थांबला आणि बॅग आलीच नाही, तर?

विमानाने पाठवलेली बॅग पोहोचली नाही की आपण लगेच म्हणतो, बॅग हरवली. खरं तर पट्ट्यावर न आलेल्या बहुतेक बॅगा मागच्या एखाद्या विमानतळावर राहिलेल्या असतात आणि दोन-तीन दिवसांत येऊन पोहोचतात. विमानतळांना आणि विमान कंपन्यांना सामानाची संगणक यंत्रणा पुरवणारी सिटा ही संस्था दरवर्षी याचे आकडे जाहीर करते. २००७ साली जगभरात दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांची काही ना काही गडबड होत होती. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ पर्यंत खाली आलं. गडबड झालेल्या या बॅगांपैकी चारातल्या साधारण तीन नुसत्या उशिरा आलेल्या असतात. उरलेल्यांत मोडतोड झालेल्या किंवा आतून काही काढून घेतलेल्या बॅगा जास्त, आणि कायमच्या गेलेल्या अगदी थोड्या.

आकडा लहान असला तरी ज्याच्यावर वेळ येते त्याचे हाल व्हायचे ते होतातच. मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेली आई, मुलाकडे सहा महिने राहायला निघालेले सत्तरीचे बाबा, यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्यांपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत सगळं असतं. पट्टा थांबतो, आजूबाजूची माणसं निघून जातात, समोर इंग्रजीत भराभर बोलणारा कर्मचारी असतो आणि बाहेर मुलगी वाट पाहत असते. अशा वेळी माणसं नोंद न करताच बाहेर पडतात. पुढच्या सगळ्या अडचणी तिथून सुरू होतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: बॅगेवर लावलेल्या पट्टीची पावती आणि विमानतळ सोडण्याआधी केलेली लेखी नोंद, हे दोन कागद हातात असतील तर बॅग सापडण्याची आणि न सापडल्यास पैसे मिळण्याची वाट मोकळी राहते.

बॅग मागे कशी राहते

चेक-इन काउंटरवर बॅग वजनाला लावली की तिच्या मुठीला एक लांब पट्टी चिकटवतात. त्यावर बारकोड असतो आणि दहा अंकी क्रमांक. यातला पहिला अंक पट्टीचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८) आणि शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. पट्टी छापली जाते त्याच वेळी एक संदेश विमानतळाच्या संगणकाला जातो: या क्रमांकाची बॅग, या प्रवाशाची, या विमानात, पुढे त्या विमानात. त्यानंतर बॅग माणसांना नावाने माहीत नसते. स्कॅनर तो क्रमांक वाचतो, क्ष-किरण तपासणी होते, आणि पट्टे तिला त्या विमानासाठी नेमलेल्या जागेवर नेऊन सोडतात. तिथे लोडर ती गाडीवर किंवा मोठ्या विमानाच्या डब्यात भरतात.

बारकोड चुरगळला, फाटला किंवा घडी पडून झाकला गेला तर स्कॅनरला तो वाचता येत नाही. मग बॅग बाजूला पडते आणि माणसाने हाताने नोंद करेपर्यंत तिथेच थांबते. बॅगेवर मागच्या प्रवासाची जुनी पट्टी किंवा तिचे छोटे स्टिकर राहिले असतील तर स्कॅनर कधी तेच वाचतो. प्रवासाला निघण्यापूर्वी जुने सगळे कागद सोलून काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि तरी निम्म्या बॅगांवर ते दिसतातच. हौसेनं बांधलेल्या लांब रिबिनी आणि लोंबणारे पट्टे यंत्रात अडकतात, तेही टाळलेलं बरं.

सगळ्यात जास्त बॅगा चुकतात त्या मधल्या विमानतळावर, एका विमानातून दुसऱ्यात जाताना. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून फ्रँकफर्ट आणि तिथून शिकागो, असा प्रवास असेल तर बॅग दोनदा उतरते आणि दोनदा चढते. पहिलं विमान पाऊण तास उशिरा पोहोचलं तर तुम्ही धावत पळत पुढचं विमान गाठता, पण बॅगेला विमानाच्या पोटातून उतरून, पुन्हा तपासणी होऊन, कदाचित दुसऱ्या टर्मिनलवर जायचं असतं. दोन विमानांमध्ये किती वेळ असला तर जोडतिकीट देता येतं याची किमान मर्यादा प्रत्येक विमानतळाने ठरवलेली असते. तिकीट देणारी वेबसाइट ती मर्यादा पाळते, पण ती किमानच असते. वयस्कर माणसांचं तिकीट काढताना मधला वेळ तीन तासांच्या खाली नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नास मिनिटांचं जोडतिकीट स्वस्त आणि झटपट वाटतं, पण पहिलं विमान जरा लांबलं की बॅग मागे राहते.

कधी दोष एका बॅगेचा नसतो, सगळी व्यवस्थाच कोलमडते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी सुरू झालं आणि पहिल्याच दिवसांत नवी स्वयंचलित सामान यंत्रणा अडखळली. हजारो बॅगा साचल्या आणि त्यातल्या बऱ्याच वर्गीकरणासाठी इटलीत मिलानला पाठवाव्या लागल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात करोनानंतर प्रवासी परतले, पण लोडर परतले नव्हते. त्या जुलैत डेल्टा कंपनीने हीथ्रोहून डेट्रॉइटला एक अख्खं विमान प्रवाशांविना, फक्त हजारभर अडकलेल्या बॅगा घेऊन नेलं.

बॅग आणि प्रवासी यांची जोडी लावण्याचा नियम का आला, हेही माहीत असावं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळलं आणि त्यातले ३२९ जण गेले. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली होती, ती देणारा माणूस चढला नव्हता. त्यानंतर जगभर नियम कडक झाले: प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅग खाली उतरवायची. कंपनीच्या चुकीने मागे राहिलेली बॅग मात्र जादा तपासणी करून एकटी पाठवता येते. तिला वेगळी 'रश' पट्टी लावतात. काउंटरवरचा माणूस 'युअर बॅग विल कम अ‍ॅज रश' म्हणाला तर तो हेच सांगत असतो, आणि ही चांगली बातमी असते.

काउंटरवर उभे असताना पट्टी वाचा

बॅग पट्ट्यावर सरकण्याआधी दहा सेकंद थांबून पट्टी वाचायला कुणीही हरकत घेत नाही. सगळ्यात मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी संकेत असतो, तो शेवटच्या ठिकाणाचा. मधली ठिकाणं लहान अक्षरांत असतात, एसटीच्या पाटीवर 'मार्गे' लिहितात तशी. मुंबईचा संकेत अजून जुन्या बॉम्बेवरून आलेला बीओएम आहे, पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: दाबोळीचा संकेत जीओआय आणि २०२३ च्या जानेवारीत प्रवासी वाहतूक सुरू झालेल्या मोपाचा जीओएक्स. उतरायचं मोपाला आणि पट्टीवर जीओआय असेल तर तिथेच बोला. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, जिथे आपली कितीतरी मुलं राहतात, त्याचा संकेत एसजेसी. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजे, तिचा एसजेओ. एका अक्षराचा फरक आहे.

पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. त्यावर कंपनीची दोन अक्षरं आणि बॅगेचे सहा अंक असतात. हा तुकडा बॅग हातात येईपर्यंत टाकायचा नाही. चिकटवल्याबरोबर मोबाइलवर त्याचा फोटो काढून मुलांना पाठवला तर आणखी चांगलं.

तिकीट एकच आहे की दोन वेगवेगळी, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील आणि त्यांचा आपसात करार असेल, तर बॅग सहसा शेवटपर्यंत जाते. पण स्वस्त पडतं म्हणून नागपूर ते मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई ते दुबई दुसऱ्या कंपनीचं तिकीट वेगवेगळं काढलं, तर पहिली कंपनी बॅग मुंबईपर्यंतच नेण्याची शक्यता जास्त. तिथे ती तुम्हीच उचलून पुन्हा द्यायची असते. माणूस दुबईला पोहोचतो आणि बॅग मुंबईच्या पट्ट्यावर फिरत राहते, असे प्रकार यातूनच होतात.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पट्टीवर डॅलस किंवा शिकागो लिहिलेलं असलं तरी अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे साधारणपणे बॅग स्वतः उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि बाहेर पडताच पुन्हा पट्ट्यावर द्यावी लागते. अबू धाबीसारख्या ठिकाणी अमेरिकेची तपासणी आधीच होते, तिथून गेलात तर ही कसरत नसते. भारतात परत येताना पुण्याला किंवा नागपूरला जायचं असेल तरी दिल्ली-मुंबईत बहुधा हेच करावं लागतं. आईबाबांना हे एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या: 'इथे बॅग घ्यायची, तिथे परत द्यायची.' याचा उपयोग किती होतो ते मी पाहिलेलं आहे.

नोंद कशी करायची

पट्टा थांबला, शेजारच्या पट्ट्यांवर आणि मोठ्या सामानाच्या खिडकीपाशीही पाहून झालं, आपल्यासारखीच दिसणारी एखादी बॅग एकटीच राहिली आहे का तेही बघितलं. तशी राहिली असेल तर कुणीतरी चुकून तुमची नेली असण्याची शक्यता आहे, आणि हे कर्मचाऱ्याला जरूर सांगा. आता पट्ट्यांच्या हॉलमध्येच असलेल्या 'बॅगेज सर्व्हिसेस' किंवा 'लॉस्ट अँड फाउंड' अशा पाटीच्या काउंटरवर जायचं. बाहेर पडल्यावर आत परत येणं अवघड असतं, म्हणून आधी हे काम. प्रवासात दोन-तीन कंपन्या असतील तर ज्या कंपनीच्या विमानातून शेवटी उतरलात तिच्याकडे जायचं.

तिथे जो अर्ज भरतात त्याचं नाव प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट. सगळे त्याला पीआयआर म्हणतात. इंग्रजी अडखळत असेल तरी 'माय बॅग हॅज नॉट अराइव्ह्ड. आय वॉन्ट टू फाइल अ पीआयआर' ही दोन वाक्यं पुरतात. मग तुमच्यापुढे बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता ठेवतात. उभी बॅग, आडवी बॅग, कापडी थैली, पुठ्ठ्याचं खोकं, असे प्रकार क्रमांकांनी आणि रंग नमुन्यांनी दाखवलेले असतात. चाकं, पट्टे, आकड्यांचं कुलूप यांच्यासाठी वेगळी अक्षरं असतात. तुम्ही बोट ठेवायचं, भाषेची फारशी गरज लागत नाही. हे वर्णन वर्ल्डट्रेसर नावाच्या जागतिक यंत्रणेत जातं, आणि तिथे दुसऱ्या कुठल्या विमानतळावर सापडलेल्या बेवारस बॅगांशी ताडून पाहिलं जातं.

म्हणूनच वर्णन जितकं बारकाईचं तितकं चांगलं. 'काळी, चार चाकांची, मध्यम' एवढ्यावर हजारो बॅगा जुळतील. बॅग बनवणाऱ्या कंपनीचं नाव, मुठीला बांधलेली लाल नाडी, कोपऱ्यावरचा ओरखडा, आणि आतल्या ओळखीच्या वस्तू सांगा. पट्टी फाटून गेलेली बॅग शेवटी उघडून ओळखावी लागते. वरच 'हिरवी पैठणी आणि स्टीलचा कुकर' आहे असं नोंदवलेलं असेल तर ओळख लगेच पटते. निघण्याआधी बॅगेचे दोन फोटो काढा, एक बंद आणि एक उघडी. आत सगळ्यात वर एक कागद ठेवा: नाव, जिथे जाणार तिथला पत्ता, तिथला फोन आणि ई-मेल. फक्त भारतातला पत्ता असेल तर बॅग उलट घरी पाठवली जाऊ शकते.

पत्त्याबाबत युरोपच्या ग्रुप टूरला गेलेल्यांनी खास काळजी घ्यावी. आज पॅरिस, परवा स्वित्झर्लंड, नंतर इटली असा कार्यक्रम असतो. पॅरिसच्या हॉटेलचा पत्ता दिला तर बॅग तिथे पोहोचेल तेव्हा तुम्ही ल्युसर्नला असाल. टूर मॅनेजरकडून तारखांसकट सगळ्या हॉटेलांची यादी घ्या आणि पीआयआरसोबत द्या.

अर्ज भरला की दहा चिन्हांचा एक संदर्भ क्रमांक मिळतो: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन आणि पाच अंक. मुंबईत एअर इंडियाकडे नोंदवला तर तो बीओएमएआय असा सुरू होईल. हा क्रमांक आणि आडनाव टाकून कंपनीच्या वेबसाइटवर बॅगेचा शोध कुठवर आला ते पाहता येतं. बॅगेत ब्लूटूथ ट्रॅकर ठेवला असेल तर तेही काउंटरवर सांगा. २०२४ च्या अखेरीपासून अ‍ॅपलच्या एअरटॅगचं ठिकाण बऱ्याच कंपन्यांना तात्पुरतं दाखवता येतं.

भारतात परदेशातून येताना बॅग राहिली तर एक काम जास्तीचं असतं, आणि ते करणारे फार थोडे. मागाहून येणाऱ्या बॅगेलाही कस्टम्स लागू असतं. विमान कंपनीकडून बॅग न आल्याचं प्रमाणपत्र घेऊन त्यावर कस्टम्सचा शिक्का आणि तुमच्या करमुक्त सवलतीतला किती भाग शिल्लक आहे याची नोंद करून घ्या. नाहीतर ती सवलत मागाहून मागणं कठीण जातं.

पैसे कशाचे आणि किती

आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानभरपाईचा पाया म्हणजे १९९९ चा माँट्रियल करार. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यात सामानासाठी एका प्रवाशामागे कमाल मर्यादा ठरवलेली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. त्याचा दर रोज बदलतो, पण रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. ही मर्यादा बॅगेमागे नाही, माणसामागे आहे. आणि ती वरची हद्द आहे, आपोआप हातात पडणारी रक्कम नाही. जेवढं नुकसान दाखवता येईल तेवढंच मिळतं, म्हणून खरेदीची बिलं, कार्डाचे व्यवहार, फोटो हे सगळं उपयोगी पडतं. मौल्यवान सामान बॅगेतूनच न्यायची वेळ आली तर चेक-इनच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून, लागलं तर जादा शुल्क भरून मर्यादा वाढवता येते. तरीही दागिने, रोकड, पासपोर्ट, मूळ कागदपत्रं आणि औषधं यांची जागा हातातल्या बॅगेतच. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच हवी.

बॅग येईपर्यंतचा खर्चही मागता येतो. कपड्यांचे एक-दोन जोड, अंतर्वस्त्रं, दाढीचं सामान, थंडीच्या देशात उतरला असाल तर स्वेटर, असा गरजेपुरता खर्च करा आणि प्रत्येक बिल जपा. काउंटरवरच विचारा की कंपनी लगेच काही रक्कम किंवा तात्पुरतं किट देते का. विचारणाऱ्याला मिळतं, न विचारणाऱ्याला बहुधा कुणी सांगत नाही.

मुदती मात्र कडक आहेत. बॅग मोडली किंवा आतलं काही खराब झालं असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करायची. ती पट्ट्यावरच मोडलेली दिसली तर तिथेच फोटो काढून नोंद करा. बॅग उशिरा आली असेल तर हातात आल्यापासून २१ दिवसांत खर्चाची मागणी करायची. आणि २१ दिवस उलटूनही बॅग आली नाही, किंवा कंपनीने त्याआधीच ती हरवल्याचं मान्य केलं, तर हरवलेल्या बॅगेची भरपाई मागण्याचा हक्क मिळतो. इथे अनेकांची गफलत होते. पीआयआर भरला म्हणजे मागणी केली असं त्यांना वाटतं. पीआयआर ही बॅग आली नाही याची नोंद आहे. पैशांची मागणी वेगळ्या पत्राने किंवा ई-मेलने, पीआयआरचा क्रमांक, तिकीट, पट्टीचा फोटो आणि बिलं जोडून करायची असते.

दोन-तीन कंपन्यांचा प्रवास असेल आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर करारात प्रवाशाच्या बाजूने एक तरतूद आहे. पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्या प्रवासात नुकसान झालं ती, यांपैकी कुणाकडेही दावा करता येतो. आपसात काय ते त्यांनी पाहावं.

देशांतर्गत प्रवासात हा करार लागत नाही. मुंबई ते नागपूर किंवा पुणे ते गोवा अशा प्रवासात कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे कमाल २०,००० रुपये आहे. लग्नाचे कपडे, महागडा कॅमेरा अशा गोष्टींसमोर ही रक्कम तोकडी आहे आणि ती वाढायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती वाढेपर्यंत प्रवास विमा हा एक आधार आहे. बॅग ठरावीक तासांपेक्षा उशिरा आली तर काही रक्कम देणाऱ्या पॉलिसी असतात, पण विमा कंपनीही पहिल्यांदा पीआयआरच मागते.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी सांगलीच्या माणसाला दिल्लीची वारी करावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या दाव्याला, विमान पोहोचलं किंवा पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीशी ई-मेल चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या बऱ्याच आधी अर्ज दाखल करा.